पोस्टकार्डात न मावणारं बंदर: आयर्लंडच्या किनाऱ्यावर मोबाइल घेऊन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे भागाचा मजकूर इथे देतोय. बोलण्याच्या ओघात आलेले "म्हणजे" आणि "तर" तेवढे थोडे कमी केलेत, बाकी सगळं जसंच्या तसं.

डब्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींचा रविवारचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. डार्ट नावाची लोकल पकडायची, हाउथला उतरायचं, धक्क्यावर चक्कर मारायची, फिश अँड चिप्स खायचे, पाण्यात डोकं वर काढणाऱ्या सीलचा व्हिडिओ काढायचा आणि घरच्या ग्रुपवर टाकायचा. तिकडून पाच मिनिटांत उत्तर येतं, "वा! एकदम कॅलेंडरसारखं!"

आज मला या "कॅलेंडरसारखं"शी थोडं भांडायचंय.

कारण हाउथ हे मासेमारीचं चालतं बंदर आहे. तिथे ट्रॉलर लागतात, बर्फ भरला जातो, जाळी दुरुस्त होतात, फोर्कलिफ्ट इकडून तिकडे धावत असते. पण आपल्या फोटोत यातलं काय येतं? दीपगृह, सील आणि समोरचं आयर्लंड्स आय नावाचं निर्जन बेट. फोर्कलिफ्ट मध्ये आली तर आपण ती जायची वाट बघतो. फोटो काढायला गेलोय बंदराचा आणि बंदर बाजूला व्हायची वाट बघतोय! गंमत आहे की नाही?

हे आपण आपल्या मनानं करत नाही. आयर्लंडचा किनारा कसा दिसला पाहिजे, हे आपल्याला कोणीतरी आधीच शिकवून ठेवलंय. ते कोणी शिकवलं हे आधी बघू. मग मोबाइल हातात घेऊन काय करायचं, त्याकडे वळू.

एक तरुण आणि त्याचे रविवारचे कपडे

आयर्लंडच्या पश्चिमेला गॉलवेचा उपसागर आहे आणि त्याच्या तोंडाशी तीन बेटं आहेत: इनिश मोर, इनिश मान आणि इनिश ईर. ही अरन बेटं. तिन्ही मिळून आजची वस्ती तेराशेच्या आसपास. सगळा चुनखडीचा खडक, त्यावर दगडी बांधांचं जाळं, आणि घराघरात बोलली जाणारी आयरिश भाषा.

१८९८ साली जॉन मिलिंग्टन सिंग नावाचा एक तरुण लेखक इथे पहिल्यांदा आला. पुढे तो आयर्लंडचा मोठा नाटककार झाला. १९०२पर्यंत तो दर वर्षी या बेटांवर येऊन राहिला आणि १९०७ साली 'द अरन आयलंड्स' हे त्याचं पुस्तक आलं. सिंगकडे कॅमेरा होता. पुस्तकात त्यानं फोटोंबद्दल दोन गोष्टी सांगितल्यात आणि मला वाटतं, आजच्या विषयाचं सार त्या दोन गोष्टींमध्येच आहे.

पहिली गोष्ट. बेटावरच्या एका तरुणाचा फोटो काढायचा होता. सिंगला तो हवा होता घरी विणलेल्या लोकरीच्या कपड्यांत, कारण ते त्याला शोभून दिसतात असं सिंगचं मत. त्या तरुणाला मात्र गॉलवेहून आणलेले रविवारचे कपडे घालून फोटो हवा होता. घरगुती कपड्यांत आपण मागासलेले दिसतो, असं त्याला वाटायचं. दोघांचं यावरून जवळजवळ भांडणच झालं.

आता सांगा, यातलं 'खरं' रोजचं आयुष्य कोणतं? लोकरीचे कपडे तर तो रोज घालत होताच. पण शहरातून कोट आणावा, आपणही आजच्या जगातले दिसावं, ही इच्छाही त्याच्या रोजच्या जगण्याचाच भाग होती. बाहेरून आलेल्या माणसाला त्यातलं एकच हवं होतं.

दुसरी गोष्ट. पुढच्या खेपेला सिंगनं आपले फोटो बेटावरच्या लोकांना दाखवले. लोकांनी फोटोतल्या प्रत्येकाला ओळखलं. ज्यांचा फक्त हात किंवा पाय फ्रेममध्ये आला होता, त्यांनासुद्धा!

विचार करा. आपल्याला जो कोपऱ्यात आलेला एक हात वाटतो, तो तिथल्या माणसासाठी अमक्याचा हात असतो. माझ्या मते रोजच्या दृश्यांच्या फोटोची कसोटी हीच. फोटोतल्या माणसाला तो दाखवला, तर त्याला आपला दिवस ओळखू आला पाहिजे. "हो, मंगळवारी आमच्याकडे असंच असतं," असं त्यानं म्हणायला हवं.

शार्क, रोडोडेंड्रॉन आणि तुमचा फोन

सिंगनंतर तीसेक वर्षांनी इनिश मोरवर रॉबर्ट फ्लाहर्टी हा अमेरिकन दिग्दर्शक आला. त्याचा 'मॅन ऑफ अरन' हा सिनेमा १९३४चा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपटाचं बक्षीस मिळालं. प्रचंड लाटा, छोटी होडी आणि होडीतून भाला मारून बास्किंग शार्कची शिकार. लोक थक्क झाले.

फक्त एक अडचण होती. ही शिकार बेटावर कित्येक दशकांपूर्वीच बंद पडली होती. पूर्वी या माशाच्या यकृताचं तेल दिव्यांसाठी वापरायचे. सिनेमासाठी बेटावरच्या लोकांना ती शिकार नव्यानं शिकवावी लागली. पडद्यावर जे कुटुंब दिसतं, तेही एका घरातलं नव्हतं. वेगवेगळ्या घरांतली माणसं निवडून ते जुळवलेलं होतं. म्हणजे जगानं अरनचं रोजचं आयुष्य म्हणून जे पाहिलं, ते तिथल्या लोकांच्या आजोबा-पणजोबांचं होतं, आणि तेही नाट्य चढवलेलं.

मग आले जॉन हाइंड. जन्मानं इंग्लिश, पण १९५०च्या दशकात त्यांनी डब्लिनमध्ये पोस्टकार्डांचा धंदा सुरू केला. जुन्या आयरिश पोस्टकार्डांवरचं ते निळंशार आकाश, भडक लाल स्वेटर आणि हिरवीकंच शेतं आठवा, ती त्यांचीच देणगी. छपाईत रंग गडद केले जायचे, आकाश बदललं जायचं. आणि फ्रेमच्या पुढच्या भागात काही नकोसं आलं, तर? रोडोडेंड्रॉनची फुललेली फांदी कापून आणायची आणि ती कॅमेऱ्यासमोर धरायची. काम झालं!

हसू येतंय ना? आता खिशातला फोन बाहेर काढा.

तुमच्या फोननं आकाश आपोआप निळं केलंय. गवत जरा जास्तच हिरवं केलंय. एडिटिंगमध्ये 'इरेझर' आहे, तो कचऱ्याचा डबा, विजेची तार, मागून जाणारा माणूस, सगळं पुसून टाकतो. त्या काळी फांदी कापायला करवत लागायची, आता अंगठा पुरतो. जॉन हाइंड आपल्या सगळ्यांच्या खिशात येऊन बसलेत.

सुंदर फोटो काढू नका, असं मी म्हणत नाहीये. हाइंडची कार्डं मलाही आवडतात. पण सगळ्यांनीच फांदी धरली, तर फांदीमागे काय होतं, हे पुढच्या पिढीला कळणार कसं?

पुसलेल्या गोष्टीच उपयोगी पडतात

याचा एक पुरावा देतो. डब्लिनच्या नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडमध्ये लॉरेन्स कलेक्शन म्हणून सुमारे ४०,००० काचेच्या निगेटिव्हचा साठा आहे. विल्यम लॉरेन्स हा डब्लिनचा व्यावसायिक आणि रॉबर्ट फ्रेंच हा त्याचा छायाचित्रकार. १८७० ते १९१४ या काळात फ्रेंचनं देशभर फिरून गावं, रस्ते, बंदरं यांचे फोटो काढले. विकण्यासाठीच काढले, त्यामुळे तेही नीटनेटके.

आज लायब्ररी आपल्या संग्रहातले जुने फोटो फ्लिकरवर टाकते आणि जगभरचे हौशी लोक तारखेचा शोध घेतात. तो लागतो कशावरून? दुकानाची पाटी, भिंतीवरची जाहिरात, धक्क्याला लागलेल्या बोटीचं नाव, विजेचा खांब आहे की नाही, यावरून. डोंगर आणि समुद्र शंभर वर्षांपूर्वीही तसाच दिसत होता. फोटो कधीचा आहे, हे सांगतो तो कोपऱ्यातला 'कचरा'. जो आपण इरेझरनं पुसतोय.

बंदराचं घड्याळ वेगळं असतं

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पहिली गोष्ट, बंदरावर आपल्या वेळेनं जाऊ नका, बंदराच्या वेळेनं जा.

भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. डब्लिनच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेतीन मीटरच्या आसपास फरक पडतो. म्हणजे एका मजल्याएवढा. डब्लिनच्या उत्तरेला बालब्रिगनसारख्या छोट्या बंदरांत ओहोटीला पाणीच उरत नाही. बोटी चिखलात टेकलेल्या, भिंतीवर हिरवं-तपकिरी शेवाळ, लोखंडी शिड्या तळापर्यंत उघड्या. सहा तासांनी तीच बोट धक्क्याच्या उंचीला. एकाच जागी उभं राहून हे दोन फोटो काढा. बंदर म्हणजे काय, ते दोन फ्रेममध्ये समजतं. भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर फुकट मिळतं, ते बघूनच घराबाहेर पडा.

बेटांवर दुसरं घड्याळ असतं, फेरीचं. इनिश मोरला जाणारी बोट कॉनेमाराच्या रॉसाव्हील बंदरातून सुटते, चाळीसेक मिनिटांचा प्रवास. पर्यटक उतरतात ते थेट भाड्याच्या सायकलींकडे किंवा घोडागाडीकडे धावतात. तुम्ही धक्क्यावर पंधरा मिनिटं थांबा. खरी गंमत नंतर सुरू होते. बेटावर जे काही आहे, ते बोटीनंच आलेलं असतं: किराणा, गॅसची सिलिंडरं, सिमेंट, कुणाचा तरी नवा सोफा. घ्यायला माणसं आलेली असतात, गप्पा चालू असतात. बेटाचा दिवस त्या पंधरा मिनिटांत दिसतो.

आणि हे आजचंच नाही. अरनवर जळणासाठी पीट नाही, नुसता खडक. म्हणून पूर्वी कॉनेमाराहून तपकिरी शिडांची गलबतं पीट भरून यायची. १९५८ ते १९८८ 'नीव एना' ही आगबोट गॉलवेहून ये-जा करायची. दोन लहान बेटांवर तिला लागेल असा खोल धक्काच नव्हता. मग गुरं पोहवत बोटीपर्यंत न्यायची आणि पट्ट्यात अडकवून वर उचलायची! त्या दृश्याचे जुने फोटो आजही लोक थांबून बघतात. काढणाऱ्याला तेव्हा वाटलं असेल का, की हे 'खास' आहे? तिथल्या लोकांसाठी तो नेहमीचाच बाजाराचा दिवस होता.

ऊन, पाऊस आणि मोबाइल

आता प्रकाश. मुंबईत जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डब्लिनला २१ डिसेंबरला भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर येतो. म्हणजे हिवाळ्यात दिवसभर तिरपं, लांब सावल्यांचं ऊन. दिवस मात्र साडेसात तासांचा, चार वाजता अंधार. उलट जूनमध्ये सतरा तास उजेड. रात्री साडेनऊलाही फोटो निघतात.

पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ढगच असतात. आणि ते छानच! ढगाळ उजेडात चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडत नाहीत, पिवळे रेनकोट आणि निळे दोर आपोआप उठून दिसतात. पावसाला घाबरू नका. मार्टिन पार या ब्रिटिश छायाचित्रकाराचं १९८२चं 'बॅड वेदर' नावाचं पुस्तक आहे, आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या खराब हवेवर. त्यासाठी त्यानं पाण्याखाली चालणारा कॅमेरा आणि फ्लॅश वापरला. पाऊस थांबायची वाट बघण्याऐवजी त्यानं पावसाचेच फोटो काढले. आयर्लंडच्या किनाऱ्यावर पाऊस वगळून रोजचं आयुष्य दाखवायचं, म्हणजे मुंबईत लोकल वगळण्यासारखं आहे.

मोबाइलवाल्यांसाठी पटापट सूचना:

लेन्स पुसा. समुद्राच्या वाऱ्यात मिठाचा थर बसतो आणि सगळे फोटो धुरकट येतात. आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं. मीठ कोरडंच घासलं तर ओरखडे पडू शकतात.

बोटं ओली असली की स्क्रीन ऐकत नाही. आवाजाच्या बटणानं फोटो काढा.

झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. पुढे जाता येत नसेल, तर बहुधा जाऊही नये.

ढगाळ आकाश पांढरं फटक येत असेल, तर स्क्रीनवर बोट दाबून धरा, फोकस लॉक करा आणि उजेड थोडा खाली ओढा.

ग्रिड चालू ठेवा. तिरकं क्षितिज असलेल्या फोटोत समुद्र सांडतोय असं वाटतं.

आणि फिल्टर? महिनाभर बंद. करड्या रंगाला करडं राहू द्या.

काय बघायचं: पाच फ्रेमची शिस्त

"रोजचं आयुष्य टिपा" असं म्हणणं सोपं आहे, पण धक्क्यावर उभं राहिलं की नेमकं काय टिपायचं ते सुचत नाही. म्हणून एक साधी शिस्त सांगतो. प्रत्येक बंदराचे पाचच फोटो ठेवायचे.

पहिला लांबून. पूर्ण बंदर, पण त्यात निदान एक काम चालू असलं पाहिजे.

दुसरा हातांचा. गाठ मारणारे, पेटी उचलणारे, तिकीट फाडणारे.

तिसरा वस्तूचा. उदाहरणार्थ लॉबस्टरचे पिंजरे. आपली शेवंड बिननांग्यांची. इथला लॉबस्टर मोठ्या नांग्यांचा आणि निळा-काळा, शिजल्यावरच लाल होतो. नियम असा की पाठीच्या कवचाची लांबी ८७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तो परत समुद्रात. म्हणून बोटीवर मोजायची पट्टी असते. शिवाय काही माद्यांच्या शेपटीवर 'व्ही' आकाराची खाच पाडून त्यांना सोडून देतात. अशी खाच असलेली मादी पुन्हा पिंजऱ्यात सापडली तरी ती विकायला आणता येत नाही. ती पट्टी, ती खाच, केवढी मोठी गोष्ट सांगते! आणि जरा आजूबाजूला बघा, पाण्याच्या टाक्या असलेला ट्रक उभा असेल. आयर्लंडचे खेकडे आणि लॉबस्टर मोठ्या प्रमाणावर फ्रान्स-स्पेनला जातात, काही तर जिवंतच.

चौथा अक्षरांचा. मासेमारीच्या बोटीवर नोंदणीची अक्षरं असतात: डी म्हणजे डब्लिन, जी म्हणजे गॉलवे, टी म्हणजे ट्रली, एस म्हणजे स्किबरीन. डॉनिगॉलमधलं किलीबेग्ज हे देशातलं सगळ्यात मोठं मासेमारी बंदर, पण तिथल्या मोठ्या ट्रॉलरवर एसओ दिसतं, म्हणजे स्लायगो. एवढं कळलं की कोणती बोट कुठून आली, हे फोटोच सांगायला लागतो. सूचनांचे फलक, आयरिश भाषेतल्या पाट्या, हाताने लिहिलेले दर, हेही यातच.

पाचवा वाट बघण्याचा. बंदरावर अर्धा वेळ वाट बघण्यात जातो. बोटीची, भरतीची, हवामानाची. रेडिओवर रोज समुद्राचा अंदाज सांगतात, मॅलिन हेड, हाउथ हेड, कार्नसोर पॉइंट असं भूशिरांची नावं घेत घेत. तो ऐकणारा चेहरा मिळाला, तर बाकी चार फोटो नाही मिळाले तरी चालेल.

इनिश ईरला गेलात तर किनाऱ्यावर गंजलेलं 'प्लासी' जहाज दिसेल. १९६०च्या मार्चमध्ये ते वादळात खडकावर आदळलं. बेटावरच्या लोकांनी किनाऱ्यावरून दोर टाकून जहाजावरच्या अकराही जणांना वाचवलं. सांगाड्याचा फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढा. पण तो दोर ज्यांनी ओढला, त्यांची मुलं-नातवंडं आज त्याच बेटावर दुकान चालवतात, फेरीचे दोर झेलतात. मग पाठ फिरवून गावाकडेही एक फोटो काढा.

माणसांना विचारायचं कसं

आता सगळ्यात महत्त्वाचं. आयर्लंडमध्ये सार्वजनिक जागी फोटो काढायला साधारणपणे बंदी नाही. पण कायदा परवानगी देतो म्हणून माणूसही देतो, असं नसतं.

क्लेअर काउंटीतल्या एका लहान धक्क्यावर पिंजरे शिवत बसलेल्या एका काकांना मी विचारलं, फोटो काढू का? ते मान वर न करता म्हणाले, "हात काढ हवं तर. तोंड नको." मग पाच मिनिटांनी स्वतःच विचारलं, "कशाला लागतो तुला?" मी सांगितलं. पुढचा अर्धा तास ते बोलत होते आणि फोन माझ्या खिशात होता. मला मिळाला तो फक्त हातांचा फोटो. त्या हातांमागचा माणूस मात्र त्या गप्पांमुळे मला माहीत आहे.

अरनसारख्या आयरिशभाषक भागात दोन शब्द शिकून जा. "दिया ग्विच" म्हणजे नमस्कार. आणि आभार मानायला "गो रेव माह अगत". त्याचा शब्दशः अर्थ साधारण "तुझं भलं होवो". म्हणजे आपली आजी म्हणायची तेच!

आणखी एक. पोस्टकार्डावरचा आयरिश मच्छीमार लाल दाढीचा, लोकरी स्वेटर घातलेला असतो. आजच्या ट्रॉलरवर बघा: फिलिपिन्सचे लोक असतात, इजिप्तचे असतात. २०१६ साली सरकारनं युरोपबाहेरच्या खलाशांसाठी खास परवान्याची योजना आणली, पण त्या परवान्यात माणूस एकाच मालकाशी बांधला जायचा. त्यावर आयर्लंडमध्ये बरीच टीका झाली. हे लोक फोटोत यायला हवेत, कारण बंदर त्यांच्याही जिवावर चालतं. पण तुमचा एक व्हायरल फोटो त्यांना नोकरीत महागात पडू शकतो. म्हणून विचारा, काढलेला फोटो दाखवा, कुठे टाकणार ते सांगा. नको म्हणाले तर त्यांच्यासमोर डिलीट करा. आपल्यातलेही कितीतरी जण परदेशात परवान्यावर राहतात. हे आपल्याला समजायला अवघड नाही.

तेच पोहणाऱ्यांबद्दल. सॅंडीकोव्हच्या फॉर्टी फूटवर लोक भर थंडीत समुद्रात उड्या मारतात आणि उघड्यावरच कपडे बदलतात. दृश्य भारी असतं, पण तिथे फोन खाली. लहान मुलांचा फोटो पालकांना विचारल्याशिवाय नाहीच.

आणि जिवाला जपा. ओहोटीनं उघड्या पडलेल्या उतारावरचं हिरवं शेवाळ साबणासारखं निसरडं असतं. ताणलेल्या दोराजवळ उभं राहू नका, जमिनीवरच्या दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवू नका. वादळात धक्क्याच्या टोकाला जाऊन लाटेचा व्हिडिओ, हे तर बिलकूल नको. काही झालंच तर ११२ फिरवा आणि कोस्ट गार्ड मागा.

आजच का?

शेवटी एक प्रश्न. हे सगळं एवढं महत्त्वाचं का? फोटोच तर आहेत.

केरी काउंटीच्या टोकाला ग्रेट ब्लॅस्केट बेट आहे. एकेकाळी भरलेलं गाव, स्वतःचे लेखक असलेलं. तोमास ओ'क्रिहन या तिथल्या मच्छीमारानं लिहिलेलं आत्मचरित्र १९२९ साली आलं. तरुण मुलं अमेरिकेला गेली, हवा बिघडली की डॉक्टर नाही, पाद्री नाही, संपर्कच नाही. १९५३च्या नोव्हेंबरात सरकारनं बेट रिकामं केलं. तेव्हा उरले होते २२ जण. आज तिथे घरांच्या भिंती आहेत. पण विहिरीवर पाणी कसं भरायचे, होडी डोक्यावर उलटी घेऊन तिघं कसे चालायचे, हे आपल्याला दिसतं ते कुणीतरी तेव्हा साधे फोटो काढले म्हणून.

आणि ही फक्त जुनी गोष्ट नाही. ब्रेक्झिटनंतर आयर्लंडच्या वाट्याचा मासा कमी झाला, आणि सरकारी योजनेत सुमारे चाळीस बोटी कायमच्या मोडीत निघाल्या. काही वर्षांपूर्वी धक्क्याला लागलेली बोट आज भंगार झाली असेल. तिच्यावर चहा पिणाऱ्या माणसांचा फोटो कुणाकडे आहे का? दीपगृहाचे मात्र लाखो असतील.

म्हणून या महिन्याचा गृहपाठ. आयर्लंडमध्ये असाल तर हाउथ, डन लेरी, किन्सेल, जवळचं कुठलंही बंदर. कोकणात असाल तर हर्णै किंवा मालवण. एकाच बंदरावर तीनदा जा, वेगवेगळ्या वेळी. पाच फ्रेम ठेवा. इरेझर नाही, फिल्टर नाही. प्रत्येक फोटोखाली तारीख, जागा आणि चाललेलं काम लिहा. आणि त्यातला एक तरी फोटो, ज्याचा आहे त्याला नेऊन दाखवा. तो काय म्हणाला, ते आम्हाला कळवा. तुमचे अनुभव पुढच्या भागात वाचून दाखवीन.

तोवर काळजी घ्या, लेन्स पुसत राहा. भेटू पुढच्या भागात.